प्रमिलाकाकूंच्या शालीतल्या कोरियन बायका

माणसाची खरी पारख तो काय मागतो यावरून होत नाही, कसे मागतो यावरून होते, असे माझे अनुभवसिद्ध मत आहे. मेहकरच्या तहसील कचेरीसमोर मेज मांडून मी आयुष्याचा मोठा भाग इतरांच्या मागण्या कागदावर उतरविण्यात घालविला. बारावीच्या परीक्षेत इंग्रजी या विषयाने माझा मार्ग रोखला. नियतीचा विनोद असा की, पुढे मेहुण्याने आम्हा उभयतांना अमेरिकेत बोलावून घेतले आणि इंग्रजीच्याच मुलखात येऊन मला अर्ज लिहावे लागले. मिशिगनमधील नोव्हाय या गावी मेहुण्याच्या वाणसामानाच्या दुकानात, डाळींच्या मांडणीशेजारी माझी खुर्ची असे. मी मजकूर मराठीत सिद्ध करून देई. ज्याचा अर्ज त्याच्या घरची मुले त्याचे इंग्रजी करीत. घरमालक संघाकडील तक्रारी, शाळेस निवेदने, आईवडिलांच्या मुक्कामाची मुदतवाढ, असे नाना विषय माझ्या हातून गेले. सबब, मागणाऱ्या माणसांविषयी मी अधिकाराने बोलू शकतो.

या अधिकाराने सांगतो की, प्रमिलाकाकूंइतके अर्ज माझ्याकडून कोणी लिहून घेतले नाहीत, आणि स्वतःसाठी मात्र त्यांनी कधी काही मागितले नाही. वाचनालयाची खोली मागितली ती ज्येष्ठांसाठी, खोलीत उबेची व्यवस्था मागितली ती कुलकर्णीकाकांच्या गुडघ्यांसाठी. स्वतःच्या नावाने त्यांनी अपवाद म्हणून एकदाच मागणे केले. आपण नोव्हायला राहायचे, की मुलाच्या सामानाबरोबर टेक्ससला जायचे, हा तो विषय होता. त्या वेळी मी लिहिलेल्या अर्जाचे त्यांनी काय केले, ते यथाक्रम येईलच.

काकू मूळच्या नागपूरच्या. ठेंगण्या, गोऱ्या, नाकावर चष्मा घसरलेला आणि अंगावर बारा महिने राखाडी रंगाची एकच शाल. काकांना जाऊन काही वर्षे झाली होती. निखिल हा त्यांचा एकुलता एक मुलगा मोटारीच्या कंपनीत, सून केतकी पुण्याची व संगणकातली, आणि नात रिया इथलीच. पहिल्या भेटीत त्या तूरडाळीची पिशवी हातात घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"अर्जवाले भाऊ तुम्हीच काय? वाचनालयाची खोली पाहिजे. शनिवारी सकाळी."

"प्रयोजन?" मी विचारले.

"सिनेमा दाखवायचा आहे. कोरियन. जुना, ब्लॅक अँड व्हाइट. बायकांचा."

"बायकांचा म्हणजे बायकांनी काढलेला?"

"नाही हो बाप्पा. पुरुषांनी काढलेला, बायकांनी ओढलेला."

हे वेड त्यांना कसे लागले याची कथा साधी आहे. रिया दिवसभर नवीन कोरियन मालिका पाहत असे. नातीशी बोलायला काही विषय असावा म्हणून काकू वाचनालयातून कोरियन सिनेमाची एक चकती, म्हणजे डीव्हीडी, घेऊन आल्या. ती निघाली पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या चित्रपटाची. "आजी, धिस इज सो ओल्ड," म्हणून रिया उठून गेली आणि काकू मात्र बसून राहिल्या. पुढे वाचनालयाच्या त्या कप्प्यातील एकही चकती त्यांनी सोडली नाही. युद्धानंतर शिवणयंत्रावर घर चालविणारी विधवा, बसमध्ये तिकिटे फाडून धाकट्या भावाला शिकविणारी थोरली बहीण, दुमजली घरात कामाला आलेली आणि जिन्यातून सगळ्यांवर नजर ठेवणारी मोलकरीण, पोट जाळण्यासाठी मद्यालयात गाणारी पण मनाने सोज्वळ बाई, यांच्याशी त्यांची घरोब्याची ओळख झाली.

खोलीसाठी मी सव्वा पानी अर्ज लिहिला. "वयोवृद्ध नागरिकांच्या सांस्कृतिक क्षुधेचे शमन" हा त्यातील एक वाक्प्रयोग होता. रियाने त्याचे इंग्रजी चार ओळींत उरकले. इंग्रजी भाषेच्या या तोकडेपणाबद्दल मी येथे अधिक लिहीत नाही. खोली मिळाली, एवढे खरे.

आता प्रयोगाची रीत सांगणे भाग आहे. पडद्यावर कोरियन बोलणे चाले आणि खाली इंग्रजी अक्षरे पळत. आमच्या ज्येष्ठ मंडळींपैकी निम्म्यांना ती अक्षरे वाचता येत नव्हती, आणि निम्म्यांना वाचता येत होती पण तोवर ती निघून जात. म्हणून काकू पडद्याच्या डाव्या बाजूस उभ्या राहून, गणेशोत्सवातला ध्वनिक्षेपक हातात धरून, सगळे संवाद मराठीत बोलत. कोरियात मूकपटांच्या काळी पडद्याशेजारी असा बोलणारा माणूस उभा असे, हे त्यांना एका पुस्तकातून समजले तेव्हा त्या मला म्हणाल्या, "बघा भाऊ, माझी पोस्ट जुनी आहे. मधे व्हेकंट होती फक्त."

कोणती बाई बोलते आहे हे ओळखू यावे म्हणून त्यांनी शालीची योजना केली होती. शाल डोक्यावरून घेतली की सासू. दोन्ही खांद्यांवर नीट सारखी केली की सून. कमरेला खोचली की मोलकरीण. एका खांद्यावरून सोडून दिली की मद्यालयातली गाणारी. घरात भांडणाचा प्रसंग आला म्हणजे ती शाल डोक्यावर, खांद्यावर आणि कमरेला अशी भराभर फिरे आणि समोरचे प्रेक्षक पडदा सोडून शालीकडेच पाहत. आवाज त्या फारसा बदलीत नसत. तरी मी शपथेवर सांगेन की सासू बोलली तेव्हा खोलीतल्या सुना सावरून बसत.

पुरुषांच्या वाट्याला मात्र शाल नव्हती. नायक पानभर बोलला तरी काकू ध्वनिक्षेपक खाली करून सांगत, "तो म्हणतो, उशीर होईल." किंवा, "आता तो बोलून राहिला. महत्त्वाचं काही नाही."

या अन्यायाबद्दल मी तोंडी निवेदन केले. काकूंनी ते मान्य करून पुढच्या शनिवारी मला एक भूमिका दिली. विधवेवर चोरीचा खोटा आळ येतो आणि न्यायालयात खटला चालतो, असा तो प्रसंग होता. मी न्यायाधीश. मी आदल्या दिवशी तयारी केली होती. "ज्याअर्थी आरोपी स्त्रीने..." येथून मी आरंभ केला आणि "त्याअर्थी" येथपर्यंत पोहोचतो आहे, तोच काकूंचा आवाज आला.

"भाऊ, न्यायाधीश घरी गेला."

मी पडद्याकडे पाहिले. न्यायालय संपून नायिका नदीकाठी चालली होती आणि माझा निकाल तिच्या मागोमाग चालला होता. मंडळी हसली. माझी पत्नी सुमन सर्वांत जास्त हसली. त्या दिवसापासून पुरुषवर्ग पुन्हा "उशीर होईल" यावर आला.

काकूंचे अभिनयाविषयीचे विचार मला फार मोलाचे वाटतात. त्या म्हणत, "चेहरा पाहू नका. चेहरा त्यांना हलवू देत नव्हते. हात पाहा." आणि खरोखर, एकदा सांगितल्यावर ते दिसू लागे. नवऱ्याला वाटी देताना दोन्ही हात पुढे येत, पण ज्या दिवशी मन उडाले त्या दिवशी डावा हात किंचित मागे राही. सदऱ्याची छातीवरची लांब फीत नायिका पुन्हा पुन्हा सोडून बांधू लागली की काकू सांगत, "आता ही निर्णय घेते." कपड्यांचा कायदाही त्यांनी शोधून काढला होता. "घेरदार घागरावालीला रडू मिळतं, स्कर्टवालीला शिक्षा मिळते. स्कर्ट घालून नाचायला गेली, की समजा शेवटी पाय धरणार. दोघींचं काम एकच हो, कोणाची तरी माफी मागायची." हे सांगताना त्या स्वतः पॅंट आणि राखाडी शाल अशा वेषात असत, तेव्हा त्यांचे काय होणार असे मी विचारले. "मला अजून लिहिलं नाही कोणी," असे उत्तर मिळाले.

त्यांचा सर्वांत प्रसिद्ध सिद्धांत दाराविषयी होता. त्या चित्रपटांतल्या घरांना कागद लावलेली सरकती दारे असतात आणि बाई गुडघ्यांवर बसून ती लावते. काकूंचे म्हणणे असे की, त्या काळच्या नटीचा सगळा अभिनय दार लावण्यात आहे. "जी बाई दार हळू लावते ती जास्त रागावलेली असते. आवाज न करता लावलं, तर समजा रागाच्या टोकाला पोचलीच. आणि धाडकन लावणारीला काही झालेलं नसतं, ती मजेत असते." हा सिद्धांत नोव्हायमध्ये इतका पसरला की एके दिवशी सुमनने शयनगृहाचे दार अत्यंत हळुवारपणे लावले तेव्हा मी तत्काळ बाहेरूनच क्षमा मागितली. कशाबद्दल, हे मला माहीत नव्हते. तिने आतूनच सांगितले की क्षमा मंजूर नाही.

एक बाब मात्र माझ्या ध्यानात हळूहळू आली. पडद्यावरची विधवा मान खाली घालून एकच शब्द पुटपुटे आणि काकूंचे मराठी बराच वेळ चाले. "सासूबाई, तुमचं म्हणणं ऐकलं. दुकान बंद करून मी घरी बसावं असं तुम्हाला वाटतं. पण दुकान माझ्या हाताचं आहे. मी विचार करून सांगते, आणि बहुतेक नाहीच सांगणार." नटी केव्हाच उठून भांडी घासू लागलेली असे. आमच्या मंडळींची मात्र पक्की समजूत झाली होती की त्या काळच्या कोरियन विधवा अत्यंत बाणेदार होत्या. कुलकर्णीकाका तर म्हणत, "काय स्त्रिया होत्या यार! आपल्याकडे असं कुठे होतं?" शेवटी ती बाणेदार विधवा गाठोडे घेऊन रडत सासरी का परत जाई, हे कोडे मात्र त्यांना सुटत नसे. "तत्त्वाचा प्रश्न असेल," असे ते म्हणत.

हे सर्व सुरळीत चालले असता हानआजी आल्या.

हानआजी काकूंच्या मागच्याच गल्लीत मुलीकडे राहत. वय ऐंशीच्या घरात, केस आखूड, पाठ ताठ. त्यांना इंग्रजी येत नव्हते, मराठी येण्याचा प्रश्नच नव्हता. वाचनालयात जुना कोरियन चित्रपट दाखवितात असे कळल्यावरून त्यांची मुलगी, जी परिचारिका होती, त्यांना घेऊन आली व पहिल्या रांगेत बसली. आजवर मूळ भाषा जाणणारे माणूस प्रेक्षकांत कधी नव्हते. काकूंनी शाल सारखी केली, पण तिची टोके एकमेकांना जुळेनात.

त्या दिवशी काकू अगदी जपून बोलत होत्या. तरीही विधवेचा प्रसंग आला आणि त्यांना राहवले नाही. नटी एक शब्द बोलली. काकू पुष्कळ बोलल्या. हानआजींनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिले. मग पडद्याकडे बोट केले आणि तेच बोट स्वतःच्या गळ्याला लावले. पुन्हा पडद्याकडे, पुन्हा गळ्याकडे. घसा बसला असावा असे जाणून मी तत्परतेने पाणी नेऊन दिले. त्यांनी पेला बाजूला ठेवून तीच खूण पुन्हा केली.

त्यांची मुलगी उठून उभी राहिली. "सॉरी," ती इंग्रजीत म्हणाली, "आई म्हणते, ही मी आहे. चेहरा नाही. आवाज."

त्या दिवशी आजीबरोबर आलेल्या रियाने आम्हांला उलगडा करून दिला तो असा. त्या काळी कोरियात चित्रपट आधी मुका घेत आणि आवाज नंतर खोलीत बसून भरीत. नटी एक असे, तिचा आवाज दुसरीच कोणी देई. हानआजी ते काम करीत. एकाच दिवसात सून, मोलकरीण आणि शेजारीण अशा तिघींचे आवाज द्यावे लागत. पोस्टरवर त्यांचे नाव कधी आले नाही, कारण आवाजाला चेहरा आहे हे कोणाला ठाऊकच नव्हते.

"आई विचारते," मुलगी काकूंना म्हणाली, "आता ती बाई काय म्हणाली? कारण आईने तर फक्त 'हो' म्हटलं होतं."

खोलीतील सर्व माना काकूंकडे वळल्या. कुलकर्णीकाकांच्या तोंडावर फसविल्या गेलेल्या माणसाचे भाव उमटू लागले होते. काकूंनी ध्वनिक्षेपक खाली केला.

"आय मेड इट लाँग," त्या म्हणाल्या. "सॉरी. तिला बोलायचं होतं असं मला वाटलं."

मुलीने हे आईच्या कानात सांगितले. हानआजी तोंडावर हात धरून हसू लागल्या, अगदी पडद्यावरच्या बायका हसतात तशाच. हसता हसता त्या बोलत राहिल्या आणि मुलगी सांगत राहिली: सगळे काम 'हो' म्हणण्याचेच असे. रडून हो, हसून हो, बाळंतपणात हो, मरताना हो. किती प्रकारांनी हो म्हणता येते याची त्यांच्याइतकी माहिती कोणाला नव्हती. आता ही भारतीय बाई पुढचे बोलते आहे, तर तिला बोलू द्या.

"म्हणजे विधवा बाणेदार नव्हत्याच?" कुलकर्णीकाकांनी विचारले.

"होत्या नं," काकू म्हणाल्या. "आवाज भरायचा राहिला होता फक्त."

तेव्हापासून त्या दोघी एकत्र दिसू लागल्या. दोघींत समाईक भाषा नव्हती. कोरियन 'हो' मात्र काकूंनी सर्व प्रकारांनी उचलला. हानआजी त्यांच्याकडून "बाप्पा" एवढाच शब्द शिकल्या, आणि तो त्यांना पुरे. थंडीच्या दिवसांत दोघी हाताला हात धरून वाचनालयाच्या बर्फाळ पायवाटेने येत, तेव्हा कोण कोणाला सावरते आहे हे सांगणे कठीण होते.

त्याच हिवाळ्यात निखिलची टेक्ससला बदली ठरली. घर विकायचे, सामान बांधायचे, आणि त्या सामानात आई हे ओघानेच आले. ही वार्ता मला केतकीने दुकानात सांगितली.

"आईंना विचारलं का?" मी विचारले.

"विचारलं ना काका. निखिल म्हणाला, आई, तिकडे थंडी नाही, तुझ्यासाठी नव्या घरात खालची रूम ठेवलीय. त्या म्हणाल्या, बरं."

"फक्त बरं?"

"हो. आणि मग आपल्या रूममध्ये गेल्या. दार इतकं हळू लावलं ना, काका. मला ते काही बरोबर वाटत नाहीये."

दुसऱ्याच दिवशी काकू डाळींच्या मांडणीशी येऊन उभ्या राहिल्या. शाल अंगावर नव्हती, हातात होती.

"भाऊ, एक अर्ज पाहिजे."

"कोणासाठी?"

"माझ्यासाठी."

मी लेखणी खाली ठेवली. "कोणाच्या नावे?"

"निखिलच्या. वाचनालयामागे ज्येष्ठांसाठी खोल्या आहेत नं, तिथे एक रिकामी आहे. हानआजीची लेक चौकशी करून आली. मला तिथे राहायचं आहे. त्याला सांगायचं कसं ते सुचून नाही राहिलं. एवढ्या बायकांचं बोलले, याच्यासमोर गेलं की तोंडातून तेवढं 'बरं' निघतं. निखिलचे बाबा होते तेव्हाही तेच निघायचं."

मुलाच्या नावे आईचा अर्ज हा माझ्या कारकिर्दीतील एकमेव प्रकार होय. मी त्यात माझे सर्व कसब ओतले. 'सेवेशी, श्रीयुत निखिल यांस, अर्जदार आपली जन्मदात्री असून' असा आरंभ होता. 'विषय : अर्जदारास नोव्हाय मुक्कामी राहू देणेबाबत' हे मध्यभागी अधोरेखित होते. आणि 'सबब, नम्र विनंती की, सदर मागणीचा सहानुभूतिपूर्वक विचार व्हावा' असा शेवट होता. काकूंनी ते उभ्या उभ्या वाचले. आधी ओठ हलले, मग खांदे हलू लागले, आणि अखेर त्यांना खुर्चीवर बसावे लागले, इतके हसू आले.

"काय लिहून राहिले भाऊ तुम्ही! सेवेशी? त्याला मी दूध पाजलं."

"पद्धत आहे, काकू."

"आणि किती वेळा विनंती! मी काय सरकारची जमीन मागते आहे? माझ्याच पेन्शनीत, माझीच खोली." त्या डोळे पुसत होत्या. ते हसण्याचे पाणी की दुसरे, ते मी विचारले नाही. "विनंती काढली तर काय उरते?"

"विनंती काढली तर तो अर्ज राहत नाही," मी माझ्या ज्ञानास स्मरून सांगितले. "त्याला मग केवळ कळविणे म्हणतात."

"हं," काकू म्हणाल्या आणि कागद माझ्याचपाशी ठेवून गेल्या.

निखिलच्या घराचे सामान बांधून झाले आणि जाण्यापूर्वीचा शेवटचा शनिवार आला. आईचा निरोपाचा कार्यक्रम म्हणून निखिल, केतकी व रिया तिघेही खोलीत हजर होते. निखिलने मागच्या भिंतीला टेकून हातात फोन धरला होता. चित्रपट काकूंनीच निवडला होता. तीच चकती शिल्लक होती असे त्या म्हणाल्या. मला शंका आहे. गावात लहानसे भोजनगृह चालविणारी म्हातारी आणि राजधानीत मोठा झालेला तिचा मुलगा, अशी त्याची कथा होती. म्हातारीचा आवाज हानआजींचाच होता. तिशीही गाठलेली नसताना त्यांनी तो दिला होता. आज पहिल्या रांगेत बसून त्या स्वतःचा म्हातारा आवाज प्रथमच स्वतःच्या वयाने ऐकत होत्या.

शेवटचा प्रसंग आला. मुलगा मोटार घेऊन येतो. चुलीवर पातेले आहे. तो म्हणतो, चल आई, तिकडे मोठे घर आहे. त्या दिवशी काकूंनी पुरुषाचा संवाद पूर्ण म्हटला, एक शब्दही न गाळता. मग म्हातारीने हात पुसले, पातेल्यावर झाकण ठेवले आणि एक शब्द उच्चारला. शाल डोक्यावर होती. आम्ही सगळे सावरून बसलो. आता काकूंचे लांब बोलणे येणार. कुलकर्णीकाका तर खुर्चीत पुढे सरकले.

"ती म्हणते, बरं," काकू म्हणाल्या.

बस्स. पडद्यावर म्हातारी मोटारीत बसली, मोटार धुरळ्यात दिसेनाशी झाली आणि कोरियन अक्षरांत समाप्ती झाली. कोणी टाळ्या वाजविल्या नाहीत. दिवे लागले. काकूंनी ध्वनिक्षेपक खुर्चीवर ठेवला, शाल डोक्यावरून काढली, तिची चौकोनी घडी घातली आणि घडी ध्वनिक्षेपकावर ठेवली. शालीवाचून मी त्यांना तेथे प्रथमच पाहिले. फारच लहान दिसत होत्या.

"निखिल," त्या म्हणाल्या, "मी टेक्ससला येणार नाही."

निखिलने फोनवरून मान वर केली. "काय?"

"इथे मागे खोली आहे. मी तिथे राहीन. सुट्टीत येईन तुझ्याकडे, पोळ्या करीन, चार दिवस राहीन, परत येईन."

"वेट, आजी," रिया हळूच म्हणाली, "धिस इजन्ट इन द सबटायटल्स."

"नाही गं बाई. हे माझं आहे."

"आई, हे असं सगळ्यांसमोर..." निखिलचा चेहरा लाल झाला होता. "मी तुला विचारलं होतं ना? तू बरं म्हणालीस! आता रूम ठरलीये, तिकिटं झालीयेत. एकटी कशी राहशील इथे? पडलीस बिडलीस बर्फात तर? घरी बोलू या आपण, प्लीज."

"घरी मला बोलता येत नाही रे. घरी मी पन्नास वर्षं बरं म्हणते. म्हणून इथे बोलते." त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले. "आणि ही विनंती नाही, बाळा. कळवते आहे."

माझ्या धंद्यातील शब्द इतक्या योग्य जागी वापरलेला मी अन्यत्र पाहिलेला नाही.

निखिल काही बोलणार होता. केतकीने त्याच्या दंडावर हात ठेवला. पहिल्या रांगेत हानआजींना यातले एकही अक्षर समजले नव्हते. पण त्यांनी काकूंचे हात पाहिले असावेत, कारण त्या उठून काकूंपाशी गेल्या, त्यांच्या गळ्याला बोट लावले, आणि स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "बाप्पा."

निखिल त्या दिवशी रागावूनच गेला. तो दोन-तीन दिवस आईशी तुटक बोलत होता असे केतकीकडून कळले. मग एके सकाळी त्याने स्वतः त्या खोलीत जाऊन स्नानगृहात धरायच्या दांड्या बसविल्या, बर्फासाठी खिळ्यांचे बूट आणले आणि तरीही, आपल्याला हे पटलेले नाही असे प्रत्येकास सांगितले. ते पुढे गेले. काकू मागे राहिल्या. शनिवारचे खेळ चालू राहिले, फक्त आता पडद्याच्या उजव्या बाजूस आणखी एक खुर्ची आली. तिच्यावर बसून हानआजी, कोरियन भाषेतच, स्वतःच्या जुन्या 'हो'पुढचे काहीबाही जोडू लागल्या. ते आम्हांला समजत नसे. लांब असे, एवढे कळे.

पुढे मेहुण्याने दुकान विकले आणि आम्ही शिकागोजवळ नेपरव्हिलला आलो. निघण्याच्या दिवशी मी काकूंचा निरोप घेण्यास त्यांच्या खोलीवर गेलो. सोबत तूरडाळीची पिशवी आणि तो जुना अर्ज नेला होता. कागदपत्र अर्जदारास परत करावे, असा माझा नियम आहे. बाहेर हिमवर्षाव चालला होता. दार काकूंनीच उघडले. शाल कमरेला खोचलेली, हाताला पीठ. आत टीव्हीवर कोणी कोरियन सून गुडघ्यांवर बसून दार लावीत होती आणि हानआजी तिला मोठमोठ्याने काही सुनावीत होत्या.

"या भाऊ, बसा. नाही, बसू नका, पोळी करपते. चालले काय? सुमनला सांगा, दार हळू लावू नको म्हणावं." पिशवी त्यांनी काखोटीला मारली, अर्जाचा कागद पिठाच्या बोटांनी धरला आणि त्यातले "सेवेशी" वाचून पुन्हा हसल्या. "हा मी चुलीमागे लावते. तेल उडतं भिंतीवर."

तेवढ्यात आतून हानआजींनी हाक मारली. पोळी खरोखरच करपली होती. काकू वळल्या. दोन्ही हात गुंतलेले, म्हणून त्यांनी पायाने दार ढकलले.

ते माझ्या तोंडावर असे धाडकन लागले की, चौकटीवरचा बर्फ माझ्या डोक्यावर पडला.